वाचनात मागं पडलेली पोरं आणि बाईंचा बसलेला घसा: दोन्हीला पुरणारं एकच टाइमटेबल

शाळा उघडून दीड-दोन महिने झाले की तिसरी-चौथीच्या वर्गाचा अंदाज येतो. काही पोरं घडाघडा वाचतात, बरीचशी अडखळत का होईना पुढं सरकतात, आणि चार-पाच अशी असतात की पुस्तक उघडलं की मान खाली, बोट भलत्याच ओळीवर, आणि शेजारचा काय म्हणतोय तिकडं कान. नेमका त्याच सुमारास आपलाही घसा बसलेला असतो आणि टाचा ठणकत असतात, कारण सकाळच्या परिपाठापासून आपणच बोलतोय, आपणच वाचतोय, आपणच ओरडतोय. मला हे दोन दुखणी एकाच कारणाची वाटतात. ज्या वर्गात बाई सगळ्यात जास्त बोलतात त्या वर्गात कच्ची पोरं सगळ्यात कमी वाचतात, सरळ हिशोब आहे. म्हणून खाली जे लिहिलंय त्याचा रोख एकच, वाचनाच्या वेळात तोंड पोरांचं चाललं पाहिजे आणि आपण बसून ऐकलं पाहिजे.

हे सगळं दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, पहिली ते चौथी, एका खोलीत दोन वर्ग. शहरातल्या साठ पोरांच्या तुकडीत थोडं इकडं-तिकडं करावं लागेल पण गाभा तोच राहतो.

पायरी 1: पोरगं नक्की कुठं अडलंय?

"त्याला वाचताच येत नाही हो" असं आपण स्टाफरूममध्ये म्हणतो, पण त्यातून काहीच कळत नाही. एकाला अक्षरं येत नसतात, एकाला अक्षरं येतात पण काना-वेलांटी लागली की गाडी बंद, एकजण शब्द वाचतो पण वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतो. तिघांना एकच औषध देऊन कसं चालेल.

एकेका पोराला व्हरांड्यात बोलवा, वर्गासमोर नको. पाच मिनिटं पुरतात. प्रथम ही शिक्षणात काम करणारी संस्था 2005 पासून गावोगाव जाऊन असर सर्वेक्षण करते, म्हणजे पोरांना वाचन-गणित किती येतं ते बघते, त्यातली वाचनाची चाचणी अगदी साधी आहे आणि वर्गात वापरायला उत्तम. एका कागदावर सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून करायची. उतारा नीट वाचला तर गोष्ट द्या, नाही जमला तर शब्दांवर या, पाचातले चार जमले तर पोरगं शब्दपातळीवर, तेही नाही तर अक्षरं. चाचणीला पाठ्यपुस्तकातलं पान मात्र देऊ नका. पोरांना पुस्तक तोंडपाठ असतं, दादा-ताईचं ऐकून ऐकून. घरातलं जुनं पुस्तक काढा नाहीतर हातानं चार ओळी लिहा.

वाचताना मधे दुरुस्त करायचं नाही. हे आपल्याला फार जड जातं, जीभ शिवशिवते, पण गप्प राहायचं आणि पोरगं काय म्हणालं ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं. त्यासाठी एक दोनशे पानी वही करा, प्रत्येक पोराला दोन-दोन पानं, डावीकडं कागदावर काय होतं, उजवीकडं पोरानं काय वाचलं, वर तारीख. हीच वही वर्षभर कामाला येते.

आणि हो, डोळे-कान आधी. मागच्या बाकावरचं पोरगं फळ्यावरचं लिहून घेताना डोळे बारीक करतं का, पुस्तक नाकाला लावतं का, पाठमोरं असताना हाक मारली तर वळतं का. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येते, त्या दिवशी नुसत्या याद्या भरून मोकळं न होता या चार-पाच पोरांची नावं डॉक्टरांना वेगळी सांगा. चष्मा लागल्यावर महिनाभरात वाचायला लागलेली पोरं बहुतेक शिक्षकांनी बघितलेली असतात.

पायरी 2: चुकांच्या वहीतच उत्तर असतं

वही आठवडाभरानं उघडून बघा. प्रत्येक पोराची चूक करायची एक ठरलेली रीत असते.

काही पोरं दिसायला सारखी अक्षरं गोंधळतात. घ-ध, भ-म, ब-व, थ-य, ड-ह, प-ष. यांना दोन्ही अक्षरं एकाच दिवशी शिकवली की गोंधळ पक्का होतो. आधी घ पूर्ण बसू द्या, घर-घागर-घास सगळं होऊ द्या, ध दोन-तीन आठवड्यांनी.

काही पोरं पहिलं अक्षर बघून उरलेलं ठोकून देतात. 'गिरणी' लिहिलंय, वाचतात 'गरम'. याला तयारी कमी आणि घाई जास्त. शब्दाखाली बोट ठेवून शेवटच्या अक्षरापर्यंत न्यायची सवय लावली की बरंच सुधारतं.

सगळ्यात चिवट म्हणजे "क ला काना का, म ला काना मा" असं मनात म्हणत वाचणारी पोरं. आपणच लावलेली सवय आहे ही, पिढ्यानपिढ्या. असं वाचणारं पोरगं 'मामाला' या तीन अक्षरी शब्दाला एवढा वेळ घेतं की शेवटाला येईपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते. त्याला 'का' हे एकच चित्र आणि एकच आवाज म्हणून दिसलं पाहिजे. अख्खी बाराखडी एका सुरात म्हणणारं पोरगं पण फसवतं बरं का, त्याला मधलाच 'कू' बोट ठेवून विचारा, 'क'पासून परत सुरू करून तिथपर्यंत येईल. म्हणजे त्याला बाराखडी गाण्यासारखी येते, वाचता येत नाही.

ऱ्हस्व वेलांटीचा वेगळाच त्रास. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि आवाज नंतर येतो. म्हणून काना आणि दीर्घ वेलांटी आधी, ऱ्हस्व नंतर. र चे अवतार तर विचारूच नका. सूर्य, चक्र, ट्रक, तऱ्हा, चारही ठिकाणी र आणि चारही ठिकाणी वेगळा चेहरा. चौथीचं हुशार पोरगंही 'तऱ्हा'पाशी थांबतं. ते कच्चेपण समजू नका, एकेक रूप एकेका आठवड्याला घ्या.

पायरी 3: परिपाठानंतरची 40 मिनिटं

इयत्ता विसरायची. दुसरी ते चौथीची सगळी पोरं परिपाठानंतर 40 मिनिटं पातळीप्रमाणं बसवायची, अक्षरवाली, शब्दवाली, उताऱ्यावाली. दोन शिक्षक असाल तर एकानं खालचा गट धरायचा, दुसऱ्यानं पहिलीची पोरं आणि उरलेले दोन गट. चौथीचा मुलगा दुसरीच्या मुलीशेजारी बसला की पहिले दोन दिवस लाजतो. मग त्याच्याकडं गटाचं काहीतरी काम द्या, कार्डं वाटायचं, वेळ बघायचं, लाज जाते. गटांना 'प्रगत-अप्रगत' वगैरे नावं अजिबात नकोत, आंबा-चिंच-बोर काहीही ठेवा.

ही वेळ सकाळचीच का? कारण दुपारी खिचडीनंतर कच्च्या पोराची गाडी चालत नाही आणि आपली तर त्याहून नाही. शिवाय दुपारी कुणाचातरी फोन येतोच, अमुक माहिती तासाभरात पाठवा.

पहिली दहा मिनिटं तुम्ही सगळ्यांना एक गोष्ट वाचून दाखवा, पुस्तक पोरांकडं तोंड करून, चित्रं दिसतील असं. दिवसभरात वाचनासाठी तुमचा आवाज इथंच खर्च करायचा. पुस्तकं नसतील तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे अंक ऑनलाइन फुकट आहेत, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी गोष्टी पातळीप्रमाणं लावलेल्या आहेत, प्रिंट काढून स्टेपल मारलं की झालं पुस्तक.

पुढची वीस मिनिटं गटात. तुम्ही सतरंजीवर खालच्या गटात बसायचं. उभं राहायचं नाही, फिरायचं नाही.

अक्षरगटाचं काम असं. मुळाक्षरं क ते ज्ञ क्रमानं घेत बसलात तर पोरगं पहिला अर्थाचा शब्द वाचेपर्यंत दिवाळी येते. त्यापेक्षा सात-आठ अक्षरं आणि एक-दोन चिन्हं असा वर्णसमूह घ्या, ज्यातून लगेच शब्द होतील. समजा क, म, न, र, ल, त, घ आणि आ, सोबत काना आणि दीर्घ वेलांटी. एवढ्यात बघा काय काय होतं: काम, नाक, कान, माल, रान, घर, काका, मामा, मीना, नरम, कमल, लाल. आणि थेट वाक्यंही: मामा रानात. मीना घरात. काकी आली. दुसऱ्या आठवड्यात पोरगं तीन वाक्यांची गोष्ट स्वतः वाचतं, आणि तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण शाळेत आल्यापासून पहिल्यांदा त्यानं वाचलेल्यातून त्याला काहीतरी कळलेलं असतं.

जुन्या पुठ्ठ्याची कार्डं करा. 'का' आणि 'म' शेजारी ठेवा, पोरगं दोन्हींवर बोट ठेवून म्हणेल का... म, मग बोट न थांबवता सरकवून म्हणायचं काम. आता 'का' काढून 'ना' ठेवा. नाम. 'म' काढून 'क' ठेवा. नाक. एकच कार्ड बदललं की शब्द बदलतो हे पोराच्या हातानं झालं पाहिजे, आपण करून दाखवत बसलो की पोरगं आपल्या तोंडाकडं बघतं, कार्डाकडं नाही. मधेच कार्डं बाजूला ठेवून नुसते आवाजाचे खेळ घ्या: 'घागर' मधून 'घा' काढला तर काय उरलं? 'र' नं संपणारे शब्द सांगा. ज्या पोराला तोंडी हे जमत नाही त्याला कागदावर तर जमणारच नाही. च आणि ज ला घाई करू नका, चमचा मधला च आणि चहा मधला च वेगळा, मोठ्यांना ते जाणवतही नाही पण नव्या वाचणाऱ्याला बरोबर टोचतं.

शब्दगटासाठी माझ्या मते पोरांच्या तोंडची वाक्यं याला तोड नाही. पोराला विचारा काल काय केलं, आणि तो जे बोलेल ते तसंच्या तसं मोठ्या अक्षरात लिहा. "आमच्या लालीला काल रेडकू झालं. आज्यानं सगळ्यांना खरवस दिला." हे दोन वाक्यं तो वाचणारच, कारण काय लिहिलंय ते त्याला आधीच ठाऊक आहे, आता फक्त आवाज आणि अक्षर यांची गाठ मारायची. मग तीच वाक्यं कापून शब्द सुटे करा, उलटेपालटे करा, परत लावायला द्या. प्रमाण मराठी आत्ता घुसवू नका. पोरगं 'व्हतं' म्हणालं तर 'व्हतं' लिहा, पुस्तकातलं 'होतं' पुढं आपोआप येतं. मेळघाटात कोरकू, नंदुरबारला पावरी-भिली, गडचिरोलीत गोंडी, तांड्यावर गोरमाटी, घरची भाषाच वेगळी असलेल्या पोरांसाठी तर आधी त्यांच्या भाषेत गप्पा, मग त्या गप्पांचं मराठी वाक्य सगळ्यांनी मिळून करायचं. गावातली एखादी शिकलेली ताई आठवड्यातून एकदा बसली तरी फार मदत होते.

उताऱ्याच्या गटाला एकच उतारा तीन-चार दिवस वाचू द्या. रोज नवा नको. पहिल्या दिवशी अडखळत, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी सुरात. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेच्या उद्दिष्टात दुसरीला मिनिटाला 45 ते 60 शब्द, तिसरीला किमान 60 असं दिलंय, ठीक आहे, अंदाजाला चांगलंय, पण पोरासमोर मोबाइलचं स्टॉपवॉच धरून बसू नका हो. आपली भाषा प्रत्यय चिकटवते, 'शाळेसमोरच्या' हा एक शब्द झाला आणि 'तो' हाही एकच शब्द, मग नुसता आकडा घेऊन काय करणार? सुरात वाचतोय का, पूर्णविरामाला थांबतोय का हे जास्त सांगून जातं. आणि वाचून झालं की एक प्रश्न असा विचारा ज्याचं उत्तर उताऱ्यात लिहिलेलं नाही. "मीनानं छत्री का घेतली असेल?" यावर पोरगं ओळीत उत्तर शोधायला लागलं तर समजायचं, वाचतंय पण पोचत नाहीये.

शेवटची दहा मिनिटं जोडीवाचन. एक वाचणार, एक बोट फिरवणार, मग अदलाबदल. वर्गात गलका होणार. होऊ द्या, साहेब आले तरी होऊ द्या. त्या वेळात तुम्ही दोनच पोरांजवळ बसून वहीत दोन नोंदी करा. रोज दोन म्हणजे पंधरवड्यात सगळा वर्ग होतो.

घरी काय सांगायचं

पालकसभेत "मुलाचा अभ्यास घ्या" म्हणणं सोडून द्या. जी आई स्वतः शाळेत गेलेली नाही तिला या वाक्याचा काही उपयोग नाही, उलट ती पुढच्या सभेला येत नाही. तिला सांगा, भाकरी करताना पोराला शेजारी बसवून पाच मिनिटं वाचून दाखवायला सांगा, तुम्ही फक्त ऐका आणि शेवटी विचारा गोष्टीत काय झालं. वाचता न येणाऱ्या आईला हे जमतं. मारू नका, "शेजारचा बघ कसा वाचतो" म्हणू नका, एवढंच.

ऊसतोडीच्या गावांत दिवाळीच्या आसपास निम्मा वर्ग फडावर जातो. बीडकडच्या शिक्षकांना हे सांगायला नको. हंगामी वसतिगृह किंवा आजी-आजोबांकडं थांबण्याची सोय होतेय का ते ऑक्टोबरच्या आधीच घरी जाऊन बोला, गाडी भरायला लागल्यावर कोण ऐकतं. जाणाऱ्या पोराला त्याच्या पातळीच्या चार गोष्टी आणि कार्डांची पुडी बांधून द्या, आणि आठवड्याला एक व्हॉइस मेसेज मागवा, पोरानं वाचलेला. तो रात्री दहाला येईल, फडावरून परतल्यावर. आला की दोन शब्दांचं उत्तर द्या सकाळी.

तरीही हलत नसेल तर

तीन-चार महिने रोज नीट काम करून, हजेरी चांगली असून, डोळे-कान ठीक असून, तोंडी उत्तरं झकास देणारं पोरगं वाचनात जागचं हलत नसेल, अक्षरं परत परत विसरत असेल, फळ्यावरून उतरवताना शब्द सोडत असेल, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असून वाचन-लेखन जड जाण्याची, शंका घ्यायची. शंका घ्यायची, शिक्का मारायचा नाही. ते काम तज्ज्ञांचं. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग पोरांना इतरांसोबत शिकवण्यासाठीचे, विशेष शिक्षक असतात, त्यांना बोलवा, ते पुढं तपासणीचा मार्ग सांगतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पालक घाबरतात, "म्हणजे आमचं पोर येडं का?" असं थेट विचारतात. त्यांना त्याच पोराची हिशोबातली किंवा यंत्र खोलून जोडण्यातली हुशारी दाखवून बोलायचं, कागद-फॉर्म नंतर.

आता तुमचा घसा

वरचं टाइमटेबल पाळलं तर सकाळची निदान अर्धा तास आवाजाला विश्रांती मिळते. बाकी दिवसाचं काय?

वर्ग शांत करायला ओरडायचं नाही. एक ठरलेली टाळीची लय किंवा छोटी घंटा ठेवा, पोरं आठवड्यात शिकतात. लांबच्या पोराला जागेवरून हाका मारण्यापेक्षा चार पावलं चालत जा. फळ्याकडं तोंड करून बोलू नका, एकतर पोरांना ऐकू जात नाही म्हणून आवाज चढवावा लागतो, वर खडूची धूळ सरळ आत. फळा ओल्या फडक्यानं पुसा. कोरडं डस्टर दारातच झटकायचं काम पोरांना पण देऊ नका, त्यांचीही छाती आहे.

घसा खाकरायची सवय वाईट, त्यानं स्वरयंत्राच्या पट्ट्या एकमेकींवर आपटतात, त्यापेक्षा घोटभर पाणी प्या. घसा बसल्यावर कुजबुजून बोलणं म्हणजे विश्रांती असं बऱ्याचजणांना वाटतं, पण त्यानंही ताण येतो. हळू पण नेहमीच्या आवाजात बोला, नाहीतर बोलूच नका. रोज सकाळी उठल्यावरच आवाज घोगरा असेल तर ॲसिडिटी असू शकते, रात्रीचं जेवण आणि झोप यात दोन-तीन तास जाऊ द्या. आणि तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला राहिला तर हळद-दूध, खडीसाखर बास झालं, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं जा. सतत ताणून बोलणाऱ्यांच्या स्वरयंत्रावर गाठी येतात, लवकर कळल्या तर आवाजाच्या विश्रांतीनं आणि व्यायामानं बऱ्याचदा बऱ्या होतात.

पाणी, पाय, पाठ

मॅडम लोकांसाठी जरा स्पष्ट लिहिते. शाळेतलं स्वच्छतागृह वापरण्यासारखं नाही म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही, असं आपल्यातल्या कितीजणी करतात ते आपल्याला माहीत आहे. लघवी तासन्‌तास रोखून धरायची, परत जळजळ, परत अँटिबायोटिक, परत तेच. हा आरोग्याचा प्रश्न आहे, लाजायचा नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय लेखी घ्या, पाण्याची टाकी आणि आतून कडी ही किमान मागणी. तोपर्यंत बादली-मग-फिनेल आपलं आपण ठेवायचं आणि सुट्टीत ठरवून जायचं, लागली असो वा नसो. जळजळ, ताप, कंबरदुखी आली तर मैत्रिणीला लागू पडलेली गोळी घेऊ नका, लघवी तपासा.

पायांचं म्हणाल तर दिवसभर एका जागी उभं राहणं वाईट. पिंडरीवर निळ्या फुगलेल्या शिरा, संध्याकाळी घोट्याला सूज, ही सुरुवात असते. खुर्चीत बसून शिकवणं म्हणजे आळस असं आपल्याकडं उगाच समजतात. आलटून पालटून बसा, उभे असताना अधूनमधून टाचा वर-खाली करा, घरी गेल्यावर पंधरा मिनिटं पाय उशीवर. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाच कळवळत असेल तर सपाट पातळ चपला बंद, मऊ तळव्याच्या वापरा, घरातल्या फरशीवरसुद्धा.

पाठ आणि मान जाते ती वह्या तपासताना. घरी गठ्ठा नेऊन रात्री पलंगावर वाकून तपासलेल्या वह्यांचा पोरांना फारसा फायदा नसतो, लाल रेघ बघतात आणि पान उलटतात. रोज पाच-सहा वह्या वर्गातच, पोराला समोर बसवून तपासा. दोन मिनिटं बोलणं होतं, चूक तिथंच कळते, आणि गठ्ठा घरी जात नाही.

पस्तिशी-चाळिशीनंतर शुगर-बीपी वर्षातून एकदा. तिशीच्या वरच्यांची ही तपासणी गावच्या आरोग्य उपकेंद्रात फुकट होते, शाळेच्या शेजारीच असतं ते बहुतेक ठिकाणी, सुट्टीत जाऊन यायचं. डबा दोनच्या आत खायचा. पोरांची पंगत, मग भांडी, मग ताटं मोजायची, मग आपला डबा साडेतीनला, हे रोज झालं की पित्त ठरलेलंच.

आणि मोबाइल

खरा थकवा कशाचा असं कुणालाही विचारा, शिकवण्याचा म्हणणार नाही. लिंक भरा, फोटो टाका, युडायसवर शाळेची सगळी आकडेवारी, पोषण आहाराची रोजची माहिती, बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम, आणि सगळं तातडीचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांच्याशिवाय अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं स्वच्छ लिहिलंय, आणि तरी परिस्थिती काय आहे ते आपण बघतोय. सगळं थांबवणं एकट्याच्या हातात नाही. पण दोन गोष्टी जमतात. ऑनलाइन कामाला शाळेत एकच ठरलेली वेळ, शेवटचा अर्धा तास, सोबतच्या सरांशी विषय वाटून घेऊन, हजेरी-आहार त्यांच्याकडं तर बाकी तुमच्याकडं. आणि रात्री आठनंतर ग्रुप म्यूट. केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या साहेबांना, एकदा नम्रपणे सांगून ठेवा की काही अगदीच निकडीचं असेल तर फोन करा, मेसेज सकाळी बघेन. बहुतेकजण समजून घेतात, ते स्वतःही त्यातच पिचलेले असतात. सकाळच्या त्या 40 मिनिटांत फोन कपाटात, हे मात्र मोडायचं नाही.

झोप येत नसेल, पोरांवर कारण नसताना चिडचिड होत असेल, रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधड होत असेल आणि हे आठवडे-आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांशी बोला. मानसिक त्रासासाठी केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

राहिली ती दोनशे पानी वही. पेननं लिहा, तारखा घाला, आणि 'ढ', 'मंद' असले शब्द त्यात कुठंही येऊ देऊ नका, ती वही पालक बघतात, पोरंही चोरून बघतात. भेटीला आलेल्या साहेबांना टक्केवारीच्या तक्त्याऐवजी हीच दाखवा, जूनचं पान आणि डिसेंबरचं पान शेजारी धरून. बदली झाली तर सोबत नेऊ नका, चार्ज देताना कपाटाच्या किल्लीबरोबर नव्या शिक्षकाच्या हातात द्या, नाहीतर ते परत पहिल्या पायरीपासून सुरू करतील आणि पोरांचा पाऊसकाळ त्यातच जाईल.